लुबर्टचं पिवळं कार्ड

लुबर्ट व्हीर्स्माच्या घरामागे एक लाकडी शेड होती आणि तिच्या दारावर पाटी होती: 'आधी हात धुवा. मग बोला.' हार्लिंगेन या डच बंदरगावातल्या मत्स्यालय मंडळातल्या लोकांनी सव्वीस वर्षं ही पाटी वाचली आणि सव्वीस वर्षं तिची टिंगल केली, पण हात न धुता आत पाऊल टाकायची छाती कुणाची झाली नाही.

मंडळाचा नियम साधा होता. कुणीही खाऱ्या पाण्यातला नवा मासा आणला, की तो आधी सहा आठवडे लुबर्टकडे क्वारंटाइनमध्ये राहणार. दुकानातला मासा सोबत कुठला आजार घेऊन येतो हे दुकानदाराला माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी तो कशाला सांगतोय. शेडमध्ये तीन उघड्याबोडक्या टाक्या होत्या. तळाला वाळू नाही, दगड नाही; लपायला करड्या प्लास्टिक पाइपाचे दोन-तीन तुकडे, बस्स. प्रत्येक टाकीची जाळी वेगळी, बादली वेगळी, टॉवेलसुद्धा वेगळा. मासा धडधाकट निघाला तर लुबर्ट एक पिवळं कार्ड भरायचा. माशाचं नाव, आल्याची तारीख, गेल्याची तारीख, खाली एकच शब्द 'मोकळा', आणि सही. त्या कार्डाशिवाय मंडळातल्या कुणाच्याही घरच्या टाकीत मासा पडत नसे.

लोक त्याला जेलर म्हणत. तो म्हणायचा, "आहेच मी जेलर. पण माझ्याकडून सुटलेला कैदी बाहेर जाऊन खून करत नाही."

ही बढाई नव्हती. सव्वीस वर्षांत त्याच्या शेडमधून एकही आजार बाहेर गेला नव्हता. नोकरीत असताना तो कालव्याच्या पाणदरवाज्यावर राखणदार होता. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गोडं पाणी, आणि दोन्ही दारं एकदम कधी उघडायची नाहीत, हे त्याने छत्तीस वर्षं पाळलं. निवृत्त झाल्यावरही माणूस तोच राहिला. हट्टी, तुसडा, आणि कामात डोळ्यांत तेल घालून बसणारा.

आता त्या डोळ्यांचंच सांगायचं आहे.

दोन हिवाळ्यांपासून त्याला धूसर दिसत होतं. आधी त्याला वाटलं चष्मा मळलाय. मग समुद्रबांधावर फिरताना त्याच्या लक्षात आलं की पाणी, आभाळ आणि बंदरातल्या होड्या सगळं एकाच राखेने माखल्यासारखं झालंय. निळा आणि हिरवा तर गेलेच. त्याची बायको फ्राउके एकदा सकाळी त्याच्या पायांकडे बघून म्हणाली, "एक मोजा काळा, एक निळा. कुणाच्या लग्नाला निघालास?"

"अंधारात घातले."

"अंधार कुठला? दहा वाजलेत. लुबर्ट, डॉक्टरकडे जा. मोतीबिंदू असेल. अर्ध्या तासाचं काम असतं, माझी बहीण दुपारी घरी येऊन बटाटे सोलत बसली होती."

"बघू," लुबर्ट म्हणाला. बघू म्हणजे नाही, हे फ्राउकेला चाळीस वर्षांत कळलं होतं. त्याला भीती ऑपरेशनची नव्हती. पुढच्या वर्षी त्याला पंचाहत्तर लागणार होती, आणि मग गाडीच्या परवान्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो. डॉक्टरने डोळ्यांत एकदा बघितलं, की आधी गाडी जाणार आणि मागोमाग शेडची किल्ली. हात धुवा म्हणून लोकांवर खेकसणारा माणूस आंधळा झालाय, हे मंडळात कुणाच्या तोंडून ऐकायची त्याची तयारी नव्हती. म्हातारपणी माणूस कशाकशाला जपत बसतो आणि काय गमावून बसतो, हे बघितलं की राग येतो आणि कीवही येते.

त्याचा जिवाभावाचा मित्र सीत्से. बोटीचं सुतारकाम करायचा. सीत्सेच्या घरात बैठकीच्या भिंतीभर समुद्राची टाकी होती, आणि तिच्यात नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाऊन माशांची एक जोडी बावीस वर्षं राहत होती. सीत्सेची मुलगी ऑस्ट्रेलियाला गेली, सीत्से स्वतः दोन वर्षांपूर्वी फुप्फुसाच्या आजाराने गेला, पण जोडी तिथेच. त्याची बायको नीन्के रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन टाकीपुढे बसायची आणि त्यांच्याशी बोलायची. तिला टाकीतलं फारसं काही कळत नव्हतं. खायला घालणं आणि काच पुसणं एवढंच सीत्सेने तिला शिकवलं होतं.

दर नोव्हेंबरात आमच्याकडे घरोघरची टाकी तपासायला परीक्षक येतो. मुलगी पाहायला यावं तशी सगळी तयारी असते. खुर्च्या गोल मांडतात, कॉफी होते, साखरपावावर लोणी थापतात, आणि परीक्षक कागद घेऊन काचेला नाक लावतो. मंडळातले लोक श्वास रोखून मागे उभे. सीत्सेला एकदाही पहिला नंबर मिळाला नव्हता. "एक निळा सर्जनमासा हवा रे, मग बघ," असं तो दरवर्षी म्हणायचा आणि दरवर्षी पुढे ढकलायचा. म्हणून नीन्केने ठरवलं, या वर्षी सीत्सेच्या नावाने टाकी परीक्षेला ठेवायची, आणि तो मासा आणायचा.

बारा सप्टेंबरला ती पाण्याने फुगलेली पिशवी छातीशी धरून शेडच्या दारात उभी राहिली. मागे मंडळाचा अध्यक्ष डाउवे होता. "आई गं! काय निळा आहे!" डाउवे म्हणाला. "उन्हाळ्यातलं आभाळ कापून आणल्यासारखा."

लुबर्टने पिशवी उजेडाकडे धरली. त्याला चुलीतल्या राखेच्या रंगाचा एक मासा दिसला.

"हं," तो म्हणाला. "हात धुतलेत का दोघांनी?"

पाचव्या दिवशी मासा आजारी पडला. पंपाच्या धारेत तोंड घालून लटकून राहिला, खाईना, आणि कल्ले धाप लागल्यागत हलू लागले. श्वास मोजायला रंग लागत नाही. लुबर्टने घड्याळ लावून मोजले आणि त्याचा चेहरा पडला. ही 'मखमल' होती. अंगावर सोनेरी धुळीसारखा थर धरणारा हा आजार खाऱ्या पाण्यातल्या माशांचा काळ असतो. चार दिवसांत भरलेली टाकी रिकामी करतो.

त्याने हातचं काही राखलं नाही. माशाला कोमट गोड्या पाण्यात पाच मिनिटं बुडवून काढलं, तेव्हा तसराळ्याच्या तळाशी बारीक भुगा पडला. मग तांब्याचं औषध सुरू केलं. या औषधाची गंमत अशी, की कमी पडलं तर आजार दबतो पण मरत नाही, आणि जास्त झालं तर मासाच मरतो. म्हणून दर दोन दिवसांनी टाकीतलं पाणी छोट्या बाटलीत घ्यायचं, त्यात थेंब टाकायचे, आणि पाण्याला जो निळा रंग चढतो तो रंगपट्टीवरच्या पाच चौकोनांशी ताडून बघायचा. तिसरा चौकोन आला पाहिजे. दुसरा नाही, चौथा नाही.

लुबर्ट बाटली खिडकीशी धरायचा, दिव्याशी धरायचा, डोळे बारीक करायचा. पाचही चौकोन राखाडी. शेवटी तो स्वतःशी म्हणायचा, सव्वीस वर्षं हेच माप घातलंय, चार झाकणं म्हणजे तिसरा चौकोन, हाताला माहीत आहे. आणि वहीत 'तीन' लिहायचा. वीस पावलांवर स्वयंपाकघरात फ्राउके होती, तिचे डोळे घारीसारखे होते. "जरा ये गं, हा रंग कुठला सांग," एवढं म्हणायला काय लागलं असतं? पण ते एक वाक्य त्याच्या तोंडातून निघालं नाही.

नीन्के दर मंगळवारी माशाला भेटायला यायची, इस्पितळात जावं तशी. बोडकी टाकी बघून तिचा जीव खालीवर व्हायचा.

"अरे, हे काय रे? तुरुंगात निदान खाट तरी असते."

"आजाऱ्याला गादी नको, औषध हवं," लुबर्ट म्हणाला. "आणि बोट पाण्यात घालू नकोस."

"नाही घालत. मेला किती घाबरलाय बघ. पाइपातून बाहेर येत नाही."

"येईल. बस, मी कॉफी आणतो."

तो कॉफी घेऊन आला तेव्हा ती टॉवेलला हात पुसत होती. "धुतले," ती म्हणाली. लुबर्ट चक्क हसला. त्याच्या हाताखाली इतक्या वर्षांत कुणी न सांगता हात धुतले नव्हते.

मासा सुधारला. आठवड्याभरात श्वास ताळ्यावर आले, दोन आठवड्यांत खाऊ लागला. एरवी लुबर्ट दर आठवड्याला पाइप काढून घासायचा, पण हा मासा जिवावरच्या दुखण्यातून उठलेला, म्हणून या खेपेस त्याने पाइपांना हात लावला नाही. महिनाभर औषध, मग दोन आठवडे साधं पाणी; नेहमीच्या सहा आठवड्यांपेक्षा एक आठवडा जास्तीचाच झाला. एकतीस ऑक्टोबरला त्याने पिवळं कार्ड भरलं. 'मोकळा', लु. व्हीर्स्मा. नीन्केने ते कार्ड सीत्सेच्या फोटोच्या चौकटीत खोचलं.

आठ नोव्हेंबरला, न्याहारीच्या वेळी, तिचा फोन आला.

"लुबर्ट, ती दोघं पाण्याच्या वर येऊन तोंड उघडतायत. तू ये."

तो सायकलवरून गेला. वारा समोरून होता, आणि दीड मैलाला त्याला अर्धा तास लागला. टाकीपुढे उभं राहून त्याने श्वास मोजले, आणि मग मोजायचं सोडून दिलं. इतक्या मोठ्या टाकीत, प्रवाळांच्या मधे, तांबं घालता येत नाही. घातलं तर बाकीचं सगळं मरतं. मासे पकडायला जावं तर ते फटीत शिरून बसलेले. दोघांनी दुपारपर्यंत जाळी फिरवली. मादी हाताला लागली ती लागताक्षणीच गेली. नर दुसऱ्या दिवशी सकाळी गेला, तिच्या नेहमीच्या जागेपाशी तळाला पडलेला होता. तिसऱ्या दिवशी बाकीचे लहानसहान मासे, आणि सगळ्यांत शेवटी तो निळा.

नीन्के रडली नाही. "बावीस वर्षं," एवढंच म्हणाली. "सीत्से गेल्याचं मी सगळ्यांत आधी या दोघांना सांगितलं होतं."

लुबर्टने घरी येऊन आपली टाकी उपसायला घेतली. काहीतरी करायला हवं म्हणून. पाणी काढलं, रुंद पाइप उचलला, तर तो जड लागला. कलता केला तसा आतून एक दगड घरंगळून त्याच्या ओंजळीत आला.

दोन मुठींएवढा. सच्छिद्र, खडबडीत, आणि एका बाजूने करवतीने सपाट कापलेला. बघायची गरज नव्हती, बोटांनीच ओळखलं. टाकीत दगड डुगडुगू नयेत म्हणून सीत्से त्यांचा तळ आपल्या कारखान्यात असा कापून घ्यायचा. टॉवेलला हात पुसणारी नीन्के त्याला आठवली, आणि तो बाकावर खाली बसला.

असा दगड तांबं पितो. चुनखडीचाच तो, त्याचा धर्मच तो. लुबर्ट चार झाकणं औषध घालत होता आणि दगड ते शोषून घेत होता. म्हणून तर क्वारंटाइनच्या टाकीत दगड नसतो. मंडळातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या नीन्केला. घाबरलेल्या माशाला घरची वस्तू सोबत असावी, एवढाच तिचा हेतू.

पण दगड लपून राहील, रंग थोडाच लपतो? बाटलीतला निळा रंग दर दोन दिवसांनी सांगत होता की औषध कमी पडतंय. धड डोळ्यांच्या माणसाला ते दुसऱ्याच दिवशी दिसलं असतं. लुबर्टने दोन्ही बाजू तोलून बघितल्या, आणि तो पहिल्यांदाच इतका घाबरला. दगड मंडळापुढे ठेवला तर त्याचं सव्वीस वर्षांचं नाव राहत होतं. डोळ्यांचं कुणी विचारलंही नसतं. आणि नीन्केला मरेपर्यंत सलत राहिलं असतं, की सीत्सेची जोडी तिच्या हाताने मेली.

सोळा तारखेला परीक्षक आला. नीन्केने कुणालाही नको म्हणून कळवलं नव्हतं. ठरलं म्हणजे ठरलं. खुर्च्या गोल मांडलेल्या, कॉफी गरम, साखरपाव कापून ठेवलेला, आणि भिंतीभर टाकीत एकही मासा नाही. प्रवाळ तेवढे डुलत होते. परीक्षक बिचारा कागद घेऊन काचेपुढे उभा राहिला. पाणी, प्रकाश, प्रवाळ, सगळ्यांना गुण दिले. 'मासे' या रकान्याशी त्याचं पेन थांबलं, मग त्याने एक आडवी रेघ मारली.

लुबर्ट कोट न काढता बसला होता. कोटाच्या खिशात दगड होता. का आणला होता ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

डाउवेने घसा साफ केला. "लुबर्ट, आज बोलायची वेळ नाही, पण सगळ्यांच्याच टाक्यांचा प्रश्न आहे. तुमच्या कार्डावर आला होता मासा. झालं काय?"

लुबर्टने नीन्केकडे बघितलं. ती कपाकडे बघत होती.

"मला निळा रंग दिसत नाही," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. औषधाची तपासणी केली, पण रंग बघितला नाही. सवयीने लिहिलं."

डाउवेने कप खाली ठेवला.

"आणि सही केलीत?"

"केली."

"दोन वर्षं! माझे चार मासे आलेत तुमच्याकडून या दोन वर्षांत," मागून कुणीतरी म्हणालं. "आम्हाला हात धुवायला लावत होता आणि स्वतः..."

"हो," लुबर्ट म्हणाला. त्याने शेडची किल्ली साखरपावाच्या ताटलीशेजारी ठेवली आणि उठला. दारापर्यंत जाताना कुणी हात पुढे केला नाही. फ्राउके तेवढी मागून त्याची टोपी घेऊन आली. रस्त्याने ती एक शब्द बोलली नाही, आणि तिच्या जिभेला ओळखणाऱ्यांना कळेल, की याहून मोठी शिक्षा तिच्याकडे नव्हती. घरी आल्यावर तिने डोळ्यांच्या डॉक्टरला फोन लावला. जानेवारीतली तारीख मिळाली.

बुधवारी दुपारी डाउवेची माणसं मंडळाच्या टाक्या न्यायला येणार होती. त्याआधी सकाळीच नीन्के आली. हात धुऊन आत आली आणि दाराशीच उभी राहिली.

"माझी एक वस्तू राहिलीय इथे," ती म्हणाली. "हसू नकोस. सीत्सेच्या टाकीतला एक दगड मी त्या पाइपात सरकवला होता. तू कॉफी आणायला गेलास तेव्हा. घरचा वास ओळखेल म्हटलं."

"माहीत आहे," लुबर्ट म्हणाला. आदल्या चार दिवसांत हे वाक्य त्याने शंभरदा घोकलं होतं. "त्याच दिवशी काढला मी."

"त्याच दिवशी?"

"संध्याकाळी. पाइपात हात घातला तर लागला. तुला बोलणार होतो, मग म्हटलं जाऊ दे."

तिने मोठा श्वास सोडला आणि ती बाकापाशी आली. "दुकानातली बाई म्हणाली, दगड औषध पितो. चार रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या. म्हटलं, मीच मारलं त्यांना."

"वेडी आहेस. चूक माझी होती, सांगितलं ना सगळ्यांसमोर."

त्याने फळीवरून दगड काढून तिच्या हातात दिला. धुऊन, वाळवून ठेवला होता. "टाकीत घालू नकोस पण. आजाऱ्याच्या पाण्यात होता अर्धा दिवस. खिडकीत ठेव."

ती दगडावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "लुबर्ट, मला लिहून दे. तुझ्या कार्डावर. मला अजून तुझी सही दिसली की बरं वाटतं. दे ना. आज रात्री झोपेन मी."

त्याने खणातून एक पिवळं कार्ड काढलं. नाकाशी धरून लिहू लागला. 'सीत्सेचा दगड. त्याच दिवशी काढला.' पेन तारखेच्या जागेवर आलं.

"तारीख काय घालू?" त्याने विचारलं.

त्याच दिवशी दगड काढणाऱ्याला तारीख दुसऱ्याला विचारावी लागत नाही. हे लुबर्टला कळलं तेव्हा शब्द तोंडातून सुटून गेला होता. त्याने मान वर केली. नीन्केचा चेहरा त्याला नुसता एक फिकट डाग दिसत होता, आणि त्या डागावर काय चाललंय ते काही केल्या कळेना.

दगडावर घासणारी तिची बोटं थांबली. मग ती म्हणाली, "चोवीस सप्टेंबर. मंगळवार होता."

त्याने ते लिहिलं. खाली 'मोकळा' लिहिलं, सही केली आणि कार्ड पुढे धरलं. तिने ते घेतलेलं त्याला जाणवलं. मग तिचा थंडगार हात क्षणभर त्याच्या मनगटावर टेकला.

"फ्राउकेला सांग, कॉफीला थांबत नाही," ती म्हणाली. फाटक वाजलं.

टाक्या न्यायला माणसं येईपर्यंत त्याने बाक पुसून घ्यावा म्हटलं. फडकं फिरवताना कडेपाशी हाताला काहीतरी लागलं. मघाशी लिहिलेलं कार्ड होतं, नीट सरळ ठेवलेलं. तिने दगड तेवढा नेला होता.